विद्यापीठाच्या दप्तरात कोण सापडतं?

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी अलीकडे आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा इतिहास शोधायला समित्या नेमल्या, अभिलेखपाल बसवले, स्मारकं बांधली. हे ऐकलं की आपल्याकडचा वाचक हमखास विचारतो, "अहो, विद्यापीठ म्हणजे कागदांचं आगर. प्रवेश अर्ज, फीच्या पावत्या, पगारपत्रकं, निकाल, सगळं तिथे लिहून ठेवलेलं असतं. मग ह्यांचाच इतिहास वेगळा जपायची वेळ का यावी? तो हरवला कुठे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण मुख्यतः एकच विद्यापीठ घेऊ आणि अडेल तिथे दुसऱ्यांकडे डोकावू.

१. दप्तर कोण ठेवतं आणि कशासाठी?

साउथ कॅरोलायना हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. त्याची राजधानी कोलंबिया. (डॉ. आंबेडकर शिकले ते न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ वेगळं, नावसाधर्म्याने गोंधळ नको.) इथे १८०१ साली राज्याने एक कॉलेज स्थापन केलं. आज तेच युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायना. जुन्या इमारती घोड्याच्या नालेच्या आकारात उभ्या आहेत, म्हणून त्या आवाराला सगळे 'हॉर्सशू' म्हणतात.

ह्या इमारतींच्या विटा गुलामांनी पाडल्या, भिंती गुलामांनी रचल्या. विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडणं, पाणी भरणं, लाकडं फोडणं, भटारखाना चालवणं हेही तेच करत. जॅक नावाचा एक गुलाम रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाताखाली प्रयोगशाळेत होता. कॉलेजच्या स्वतःच्या मालकीचे असे थोडेच. बरेचसे गावातल्या मालकांकडून भाड्याने आणलेले. भाडं द्यायचं ते मालकाला. त्यामुळे खर्चाच्या वहीत मालकाचं नाव व्यवस्थित, आडनावासकट. राबणाऱ्याचं कुठे नुसतं पहिलं नाव, कुठे तेही नाही.

किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखं हे आहे. कुणाकडे किती तूरडाळ गेली आणि किती पैसे यायचे राहिले, हे त्या वहीवरून पैपर्यंत कळेल. पण त्या घरात वरण कुणी शिजवलं, ते कुणाला पुरलं आणि कुणाला पुरलं नाही, हे कळायचं नाही. वहीत खोट काही नसते, ती त्यासाठी ठेवलेलीच नसते.

पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. दप्तर संस्थेच्या गरजेपुरतं ठेवलं जातं. संस्थेला ज्याच्याशी हिशेब करायचा तो कागदावर उतरतो. विद्यार्थी फी भरत, त्यामुळे ते उतरले. प्राध्यापकांना पगार होता, तेही उतरले. गुलामाला ना फी ना पगार. तो उतरलाच, तर मालमत्ता म्हणून.

२. नाव नसलेला माणूस शोधतात कसा?

इथे एक छोटा नमुना घेऊ. नमुनाच आहे, खरा माणूस नव्हे.

समजा, १८५९ सालच्या खर्चाच्या वहीत एका ओळीत 'सायमनचं वर्षाचं भाडं' अमुक मालकाला दिल्याची नोंद आहे. आपल्याकडे दोन धागे आहेत : सायमन हे नाव, आणि मालकाचं नाव. आता १८६० ची जनगणना उघडायची. त्यात गुलामांसाठी वेगळी यादी होती. पण तिच्यात नाव मालकाचं. त्याखाली नुसत्या ओळी. पुरुष, वय ३०, काळा. स्त्री, वय २५, काळी. मूल, वय २. आपला सायमन ह्यांतली कोणती तरी एक ओळ असणार. वय अंदाजे धरायचं. तिथेही लिहिणाऱ्याने अंदाजच केलेला असतो, म्हणून ३०, ४०, ५० असे गोल आकडे फार दिसतात.

१८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. मुक्त झालेल्या बहुतेकांची नावं आडनावासकट पहिल्यांदा जनगणनेत आली ती १८७० साली. वंशावळ शोधणारे ह्या सालाला 'भिंत' म्हणतात, कारण १८७० पर्यंत मागे जाणं जमतं आणि त्याच्या पलीकडे एकदम अंधार. आपण उलट्या बाजूने येतोय. १८७० च्या यादीत त्याच परिसरात चाळिशीचा सायमन नावाचा कृष्णवर्णीय पुरुष सापडतो का ते बघायचं. तिघे सापडले तर? मग फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या नोंदवह्या. ही बँक मुक्त गुलामांसाठी १८६५ साली निघाली आणि १८७४ साली बुडाली. हजारो गरिबांची पुंजी बुडवणाऱ्या ह्या बँकेने इतिहासकारांवर मात्र मोठे उपकार केले. सही न येणारा खातेदार ओळखता यावा म्हणून ती खातं उघडताना जन्मगाव, धंदा, बायको, मुलं, आई, बाप, भाऊ, बहिणी अशी सगळी माहिती लिहून घ्यायची. सुरुवातीच्या कित्येक नोंदींत पूर्वीच्या मालकाचं नावही असे. तिघांपैकी एका सायमनच्या खात्यावर आपल्या वहीतल्या मालकाचं नाव निघालं, की दोन टोकं जुळली.

जुळली म्हणजे बहुधा जुळली. चांगला अभिलेखपाल इथे 'बहुधा' हा शब्द लिहून ठेवतो आणि कशावरून, तेही लिहितो. घाईने 'हाच तो' म्हणून फलक लावणाऱ्यांपेक्षा मला हा माणूस जास्त भरवशाचा वाटतो.

सगळीकडे इतकी वणवण लागत नाही. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचं. मेरीलँडमधल्या जेझुइटांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम १ लाख १५ हजार डॉलरना लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकायचा करार केला आणि त्यातला पैसा कर्जात बुडालेल्या कॉलेजच्या कामी आला. पाद्री असल्यामुळे त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या नोंदी होत्या. विक्रीच्या करारात नावं आणि वयं होती. न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या जहाजाची उतारूयादीही टिकली. म्हणून तिथे हजारो वंशज शोधता आले. विकल्या गेलेल्यांत फ्रँक कॅम्पबेल हा एक होता. त्याच्या म्हातारपणाचा एक फोटोसुद्धा सापडला, तोही जॉर्जटाउनमध्ये नाही, लुइझियानातल्या निकल्स स्टेट विद्यापीठाच्या संग्रहात. करारात सगळ्यात पहिलं नाव आयझॅक असं होतं. विक्री करणाऱ्या, कॉलेजचा अध्यक्ष राहिलेल्या पाद्र्याचं नाव असलेली इमारत २०१७ पासून आयझॅक हॉकिन्सच्या नावाने ओळखली जाते.

आणि नावच सापडलं नाही तर? व्हर्जिनिया विद्यापीठात युद्धाच्या आधी सुमारे ४ हजार गुलाम राबले असावेत असा अंदाज आहे. नाव कळलेले सहाशेच्याही आत. तिथे २०२० साली पूर्ण झालेल्या वर्तुळाकार ग्रॅनाइटच्या स्मारकात प्रत्येकासाठी दगडात एक आडवी खाच मारली आहे. नाव माहीत असेल तर खाचेवर नाव. नाव नसेल पण काम किंवा नातं कळलं असेल, तर नुसतं तेवढंच. बाकीच्या खाचा मोकळ्या.

३. मिटवलेली चार वर्षं

आता कोलंबियाला परत येऊ. इथवर आपण न लिहिलेला इतिहास पाहिला. आता लिहिलेला, चांगला ठसठशीत लिहिलेला, पण पुढे पद्धतशीर बाजूला सारलेला.

युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं. साउथ कॅरोलायनात त्यांची लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती, म्हणून विधिमंडळातही त्यांचा जोर आला. १८७३ च्या ऑक्टोबरात हेन्री हेन ह्या कृष्णवर्णीय गृहस्थाने विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत नाव घातलं. हा कुणी पोरसवदा विद्यार्थी नव्हता, राज्याच्या मंत्रिमंडळात 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' पदावर बसलेला माणूस होता. त्याने नाव घातलं आणि काही गोऱ्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्याच साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेमागे जी आशा होती तिचा प्रत्यक्ष प्रयोग त्याच सुमारास कोलंबियात चालू होता.

प्राध्यापकांच्या रिकाम्या जागी जे आले त्यांत रिचर्ड थिओडोर ग्रीनर होता. जन्म १८४४ चा, फिलाडेल्फियाचा. हार्वर्ड कॉलेजची पदवी १८७० साली घेतलेला, आणि ती घेणारा पहिला कृष्णवर्णीय. कोलंबियात तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. शिवाय लॅटिन, ग्रीक शिकवायचा. आणि काही महिने त्याने ग्रंथालयही सांभाळलं. युद्धाच्या काळात विस्कटलेली हजारो पुस्तकं लावून घेतली, त्यांचा अहवाल लिहिला. हे सगळं करता करता तिथेच कायद्याचा अभ्यास करून १८७६ साली ती पदवीही घेतली.

१८७७ साली सत्ता गोऱ्या डेमोक्रॅटांकडे गेली. त्यांनी विद्यापीठालाच कुलूप ठोकलं. १८८० साली ते उघडलं तेव्हा फक्त गोऱ्यांसाठी. १८७३ ते १८७७ ह्या चार वर्षांना 'रॅडिकल विद्यापीठ' म्हणून हिणवण्यात आलं. म्हणजे ते खरं विद्यापीठच नव्हतं, तिथल्या पदव्या पदव्या नव्हत्या, असा सूर. कागद कुणी जाळले नाहीत. त्यांच्याकडे कुणी वळायचं नाही, एवढं ठरलं की काम भागतं.

ह्याचा परिणाम पुढे दिसला. ११ सप्टेंबर १९६३ रोजी, न्यायालयीन लढाईनंतर, रॉबर्ट अँडरसन, हेन्री मॉन्टीथ आणि जेम्स सॉलोमन ह्या तिघांनी ह्याच विद्यापीठात प्रवेश घेतला. ह्यांतली हेन्री ही मुलगी. दावा तिच्या नावाने लढला गेला होता. हे तिघे 'पहिले'. पण पहिले कसे? नव्वद वर्षांपूर्वी हेन होता, ग्रीनरचे विद्यार्थी होते. म्हणून जाणकार 'विसाव्या शतकातले पहिले' असं म्हणतात. ते ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात १८७३ ते १८७७ ची आख्खी पिढी सामावली जाते. 'पहिला' शब्द दिसला की अभिलेखपाल दचकतो, तो ह्यासाठी.

जॉर्जटाउनला तर ह्याहून मोठा घोळ. तिथले १८७४ ते १८८२ मधले अध्यक्ष पॅट्रिक हीली ह्यांची आई जन्माने गुलाम, बाप आयरिश. हयातभर ते गोरे म्हणून वावरले आणि तसेच मानले गेले. आज त्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणतात. त्यांना स्वतःला हे चाललं असतं का, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

४. माळ्यावरची ट्रंक

विद्यापीठाबाहेर पडल्यावर ग्रीनरचं काय झालं? हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचा तो प्रमुख झाला, न्यूयॉर्कला राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांच्या स्मारकाच्या मंडळाचा सचिव झाला. १८९८ साली त्याची नेमणूक झाली थेट मुंबईला, अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून. पण मुंबईत १८९६ पासून प्लेग होता. ती जागा त्याने घेतली नाही. मग सरकारने त्याला रशियाच्या पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकला पाठवलं. तिथे तो १९०५ पर्यंत होता. १९२२ साली शिकागोत वारला.

त्याचे खासगी कागद गेले कुठे? सॅनफ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपात गेले असावेत, अशी समजूत होती. २००९ साली शिकागोच्या दक्षिण भागातलं एक ओसाड घर पाडायचं ठरलं. पाडायच्या आधी आत शिरलेल्या कंत्राटदाराला माळ्यावर एक जुनी ट्रंक दिसली. आत कागद. त्यांत हार्वर्डची १८७० ची पदवी, साउथ कॅरोलायनाची कायद्याची पदवी, वकिलीची सनद. बुलडोझर आधी आला असता तर हे सगळं राडारोड्यात गेलं असतं. कायद्याची पदवी आणि सनद पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठाने मिळवली. जी पदवी त्यांनी स्वतःच दिली आणि नंतर मोजायची टाळली, ती त्यांना विकत घ्यावी लागली. २०१८ साली त्यांनी ग्रीनरचा पुतळा बसवला, ग्रंथालयापाशी.

ह्या घराण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बायको-मुलांपासून ग्रीनर दुरावला होता. बायको-मुलांनी आडनावात थोडा फेरफार करून गोऱ्या समाजात राहायला सुरुवात केली. त्याची मुलगी बेल ही बेल द कोस्टा ग्रीन झाली. पोर्तुगीज आजीची गोष्ट तिने पुढे केली आणि धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गनच्या दुर्मिळ ग्रंथसंग्रहाची ती प्रमुख बनली, अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांची हस्तलिखितं जिवापाड जपणाऱ्या ह्या बाईने १९५० साली मरण्यापूर्वी स्वतःचे खासगी कागद जाळून टाकले. बापाचं नाव बाहेर आलं असतं तर नोकरी, घर, मान, सगळं गेलं असतं. तेव्हा कृष्णवर्णीयांचा इतिहास का हरवतो ह्याच्या उत्तरात हेही धरायचं. कधी तो हरवलेला असतो, कधी लपवलेला. आणि लपवण्याला सबळ कारण असतं.

५. पुस्तक कोणत्या फळीवर?

कागद वाचले, पुढे? ग्रंथालयात नुसतं असून भागत नाही, मागणाऱ्याला सापडलं पाहिजे.

वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ मुख्यतः कृष्णवर्णीयांचं. तिथे १९३० पासून डॉरोथी पोर्टर ह्या ग्रंथपाल कृष्णवर्णीयांविषयीचा संग्रह उभा करू लागल्या. ग्रंथालयांत पुस्तकं लावायची पद्धत ड्यूई दशांशाची, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. आपल्याकडच्या ग्रंथालयांतही तीच चालते. पोर्टरबाईंना दिसलं की कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं की देशभरचे ग्रंथपाल ते डोळे झाकून दोनच आकड्यांत टाकतात : ३२६, म्हणजे गुलामगिरी, नाहीतर ३२५, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. कवितासंग्रह असला तरी गुलामगिरीत. संगीतावर असलं तरी गुलामगिरीत. बाईंनी ते मोडून काढलं. कविता कवितेत, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात.

फळी बदलल्याने काय होतं? कवितेचं दालन चाळायला आलेल्या पोराच्या हाती तो कवी लागतो. आधी लागला नसता, कारण 'गुलामगिरी' ह्या फळीशी जायचं त्याला कारणच नव्हतं. आज विद्यापीठांच्या सूचीत शोधशब्दांवरून जे वाद होतात ते ह्याच जातीचे आहेत. 'नोकर' असा शब्द घालून ठेवलेला फोटो 'गुलाम' असा शोध घेणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

पोर्टरबाईंचं दुसरं काम पायपिटीचं. खरेदीला पैसा तुटपुंजा. मग त्या प्रकाशकांना, लेखकांना पत्रं लिहून पुस्तकं मागायच्या. कुणी वारलं की घरच्यांनी कागद रद्दीत घालण्याआधी तिथे पोचायच्या. संस्थेच्या दप्तरात जे नाही ते घराघरांत आहे, हे त्यांना नेमकं कळलं होतं. १९७३ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा तो संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांत गणला जात होता.

काही माणसं मात्र स्वतःचं दप्तर स्वतःच ठेवतात. हार्वर्डची डॉक्टरेट १८९५ साली मिळवणारे, पण तिथे प्राध्यापकी कधी न लाभलेले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे तसे होते. आलेलं पत्र ठेवायचं, पाठवलेल्याची प्रत ठेवायची. त्यांचे सुमारे एक लाख कागद आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आहेत. त्यांत १९४६ सालचं एक पत्र डॉ. आंबेडकरांचं आहे. अमेरिकेतले निग्रो आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांकडे नेत आहेत असं कळल्यावरून त्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती. डुबॉइसनी ३१ जुलैला उत्तर लिहिलं, तेही तिथेच आहे. अस्पृश्यांच्या चळवळीने अमेरिकेकडे टाकलेल्या ह्या नजरेचा पुरावा टिकला, तो डुबॉइसच्या ह्या सवयीमुळे.

६. भटारखान्यातली माणसं

विद्यार्थ्यांचं नाव निदान पदवीच्या यादीत येतं. झाडलोट करणारे, खानावळीत वाढणारे, रात्री बॉयलर सांभाळणारे? गुलामगिरी गेल्यावर शंभर वर्षं दक्षिणेतल्या विद्यापीठांत बहुतेक कृष्णवर्णीय होते ते ह्याच कामांवर. त्यांचं पगारपत्रक असतं, पण ती फक्त आकड्यांची रांग.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या लेनॉर खानावळीत फेब्रुवारी १९६९ मध्ये कामगारांनी संप केला. बहुसंख्य बाया, कृष्णवर्णीय. मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रूक्स ह्या दोघी पुढारी. पगार तुटपुंजे, जास्तीच्या तासांचा मोबदला धड नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. राज्यपालांनी पोलीस धाडले. शेवटी पगार वाढले.

आता विद्यापीठाच्या दप्तरातून हा संप कसा दिसेल? पत्रव्यवहार आहे, पोलिसांचे अहवाल आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. सगळं बाहेरून पाहिलेलं. ट्रे खाली ठेवून टेबलाशी बसायचं हे ठरलं कसं, घरी नवऱ्याला काय सांगितलं, पगार थांबल्यावर चूल कशी पेटत होती, हे सांगणार कोण? ज्यांनी केलं तेच. त्याच विद्यापीठात १९७३ साली तोंडी इतिहासाचा एक उपक्रम सुरू झाला आणि ह्या संपातल्या बायांचं म्हणणं टेपवर घेतलं गेलं.

तोंडी इतिहास म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. मुलाखत घेणारा आधी कागद वाचून जातो. माणूस साल चुकला तर लगेच टोकत नाही, नंतर पडताळतो. मुलाखतीनंतर उतारा सांगणाऱ्याला वाचायला देतात आणि त्याची लेखी परवानगी घेतात. काही जण म्हणतात, 'हा भाग माझ्या हयातीत उघडू नका.' ते पाळावं लागतं. कारण पुष्कळदा ज्याच्याविषयी तक्रार असते तो मुकादम अजून त्याच गावात राहत असतो.

परवानगीचा हा मुद्दा विद्यार्थ्यांनाही लागतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय आहेत, त्यामुळे १९६० च्या दशकात आलेल्या मुलांची कार्यालयातली फाइल संशोधकाला सहसा मिळत नाही. उरतात वार्षिक अंक, विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र, आणि माणसं. हेन्री मॉन्टीथ वसतिगृहात कशी राहिली, जेवायला कुणी शेजारी बसलं का, हे फाइलमध्ये तसंही मिळालं नसतं.

माणसंच नव्हे, कधी वस्तीची वस्ती दप्तराबाहेर जाते. कोलंबियात विद्यापीठ वाढत गेलं ते शेजारच्या कृष्णवर्णीय वस्त्या गिळत. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल ही तिथली नावाजलेली शाळा १९७४ साली बंद झाली, जागा विद्यापीठाने घेतली, इमारती पाडल्या. सभागृह तेवढं उभं आहे. विद्यापीठाच्या कागदांत ही 'जमीनखरेदी' आहे. शाळेच्या बाकावर बसलेल्यांकडे तिचे वर्गफोटो, बँडचे गणवेश, निकालपत्रकं आहेत. जपायचं म्हणजे दोन्ही जपायचं, आणि एकमेकांशेजारी ठेवायचं.

७. सापडलं, पण कुणाचं?

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि तो पुन्हा कोलंबियातलाच निघाला.

१८५० साली हार्वर्डचे नामांकित प्राध्यापक लुई अगासी ह्यांना माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले हे 'सिद्ध' करायचं होतं. त्यांच्यासाठी कोलंबियातल्या जोसेफ झीली ह्या छायाचित्रकाराने तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांचे फोटो काढले, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर, त्या काळच्या डॅगेरोटाइप पद्धतीने. माणसं उघडी उभी केली होती, समोरून आणि बाजूने. त्यांत रेंटी नावाचा म्हातारा आणि त्याची मुलगी डेलिया. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला. पत्रे हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात पडून राहिले, आणि १९७६ साली तिथल्या माळ्यावर सापडले. त्यानंतर ते पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आले, प्रदर्शनांत आले.

टमारा लॅनियर ह्या बाई आपण रेंटीच्या वंशातल्या, असं सांगतात. आईकडून ऐकलेल्या 'पापा रेंटी'च्या गोष्टी आणि कागदपत्रं, असा त्यांचा आधार. २०१९ साली त्यांनी हार्वर्डवर दावा लावला. जबरदस्तीने काढलेल्या फोटोवर काढणाऱ्याची मालकी कशी? कायद्याचं सरळ उत्तर असं, की फोटो ज्याने काढला त्याचा, ज्याचा काढला त्याचा नव्हे. न्यायालयाने मालकीच्या प्रश्नावर त्यांच्या बाजूने कौल दिला नाही. पण विद्यापीठाने त्यांना ज्या तऱ्हेने वागवलं त्याबद्दलचा मानसिक क्लेशाचा दावा २०२२ साली पुढे चालू दिला. २०२५ च्या मे महिन्यात तडजोड झाली आणि फोटो चार्ल्स्टनच्या इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडे सोपवायचं ठरलं. चार्ल्स्टन साउथ कॅरोलायनातच आहे, कोलंबियाहून गाडीने दोन तासांवर.

हार्वर्डने हे पत्रे पावणेदोनशे वर्षं ओलाव्यापासून वाचवले हे खरं. संस्थेने जपलं नसतं तर भांडायला काही उरलंच नसतं, असं कुणी म्हटलं तर त्यातही तथ्य आहे. पण रेंटीला कपडे उतरवायला लावले तेही संस्थेच्याच कामासाठी. म्हणून आता अनेक विद्यापीठं नवा संग्रह घेताना मालकी सोडून द्या असा आग्रह धरत नाहीत. मूळ वस्तू घरच्यांकडेच राहते. विद्यापीठ डिजिटल प्रत घेतं, फोटोखालचा मजकूर घरचे लिहितात, आणि कुठला कागद कधी उघडायचा त्याची तारीख करारातच घालतात. एखाद्या आजीला 'माझ्या नातीचं शिक्षण संपेपर्यंत नको' असं वाटलं, तर तेही त्यात लिहिता येतं.